पार्सलचा मासा वाटेतच मऊ पडतोय, शेवटचे घाणे कडू होतायत. चूक तेलात, तापात की पिठात?

काउंटर_अनगोळ

नमस्कार मंडळी. बेळगावात संध्याकाळी सहा ते दहा मासे फ्रायचं छोटं काउंटर असतंय. निम्मी गिऱ्हाइकं जागेवर खातात, निम्मं पार्सल. चार अडचणी आहेत.

एक, पार्सल वीस-पंचवीस मिनिटांत घरी पोचतंय, खरं तोवर वरचं कोटिंग लिबलिबीत होऊन माशापासून सुटतंय. दोन, साडेआठनंतरच्या घाण्यांना कडवट चव येते, रंगही काळपट. तीन, रोहूची तुकडी बाहेरून लालबुंद आणि आत काट्यालगत कच्ची. चार, बांगडा कोरडा पडतो.

पद्धत अशी: स्टीलची कढई, तीन लिटर रिफाइंड सूर्यफूल तेल, मोठी गॅस भट्टी. एका घाण्यात साधारण किलोभर मासा. मसाला दुपारी दोनलाच लावून ठेवतो: मीठ, हळद, आलं-लसूण, चिंचेचा कोळ, संकेश्वरी तिखट. तळताना वरून रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं. तळून झालं की परातीत टिश्यू पेपरवर काढतो आणि ॲल्युमिनियम फॉइलच्या डब्यात भरतो. बांगडा-सुरमई गोव्याहून चोर्ला घाटातून येते. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा हिडकल धरणाचा रोहू-कटला आणि फ्रोझन बांगडा.

तेल बदलून बघा, पीठ बदलून बघा, असं सगळेच सांगतात. नेमकं काय आणि का, हे कुणी सांगेल काय?

तापमापी

दादा, तुमच्या चारपैकी तीन अडचणींचं मूळ एकाच ठिकाणी आहे: तीन लिटर तेलात किलोभर मासा.

तीन लिटर तेल म्हणजे वजनाने पावणेतीन किलोच्या आसपास. १८० अंशांच्या तेलात किलोभर गार मासा पडला की ते पहिल्या मिनिटात ४०-५० अंशांनी सहज खाली येतं. १३५-१४० ला वाफ जोरात निघत नाही, त्यामुळे वरचं पीठ पटकन कडक होत नाही. ते ओलं राहतं, तेल धरतं, आणि रंग यायला वेळ लागतो म्हणून तुम्ही मासा जास्त वेळ आत ठेवता. त्या जादा वेळात आतलं पाणी जातं. म्हणून कोटिंग मऊ आणि बांगडा कोरडा ही दोन दिसायला उलटी दुखणी एकाच घाण्यात होतात.

मग रोहू आत कच्चा का? तेल थंड पडलंय म्हणून भट्टी मोठी करायची, घाणा निघाला तरी ती तशीच, तेल दोनशेच्या वर. पुढचा घाणा त्यात पडला की पहिल्या अर्ध्या मिनिटातच मसाला आणि रवा लाल होतो. बाहेरचा रंग बघून तुकडी काढली जाते, काट्याजवळ अजून ४५ अंशसुद्धा झालेले नसतात. म्हणजे तुमचं तेल अख्खी संध्याकाळ १४० ते २०५ असं खाली-वर होत असणार.

तेलाच्या वजनाच्या सहाव्या भागाइतकाच मासा एका वेळी टाका. तीन लिटरला ४५० ग्रॅम, म्हणजे सुरमईच्या चार तुकड्या किंवा तीन बांगडे. घाणा लहान वाटला तरी प्रत्येकाला वेळ कमी लागतो, त्यामुळे तासाभरातला माल फारसा घटत नाही. जास्त हवा असेल तर सहा लिटरची कढई घ्या, किंवा तीन-तीन लिटरच्या दोन. मी दोन म्हणेन, त्याचं कारण बांगडा आहे, पुढे येतं.

आता आकडे. सुरमईची दीड सेंटीमीटर जाडीची तुकडी १८० अंशांना चार मिनिटं. दीडशे ग्रॅमचा अख्खा बांगडा, दोन्ही अंगांना तीन-तीन चिरा मारून, १७५ ला पाच ते सहा मिनिटं. रोहूची दोन सेंटीमीटरची तुकडी १६५ ते १७० ला सहा-सात मिनिटं. तुकडी जाड असेल तितकं तेल मंद ठेवायचं, कारण आत ताप पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाहेरचं जळता कामा नये. मांदेलीसारखं बारीक उलट १८५-१९० ला दोन मिनिटांत उरकायचं.

माशाचं मांस ४०-५० अंशांपासून पांढरं व्हायला लागतं, ६० च्या आसपास त्याच्या पाकळ्या सुटतात, ७० पुढे ते आकसून रस बाहेर ढकलतं. मटणासारखे चिवट धागे यात फारसे नसतात, त्यामुळे जास्त शिजवून मऊ होणं हा प्रकारच नाही. मधोमध ६३ अंश आले की काढायचं. सुईचा थर्मामीटर तुकडीच्या बाजूने, काट्याला न टेकवता पण काट्याच्या जवळपर्यंत घाला. प्रत्येक तुकडीला नको. दर घाण्यातली सर्वांत जाड एक तपासा.

थर्मामीटरचीच एक गोष्ट. घेतल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या जवळ उकळतं. म्हणून काटा ९७-९८ दाखवत असेल तर थर्मामीटर बरोबर आहे, शंभर दाखवत असेल तर तो अडीच अंश जास्त सांगतोय. बंदुकीसारखा लाल ठिपक्याचा येतो तो फक्त वरचा पापुद्रा मोजतो आणि चकचकीत स्टीलवर तर साफ फसतो. तो असेल तर झाऱ्याने तेल ढवळून लगेच तेलावर धरा.

तेल माशात कधी शिरतं, हेही बघा. तळताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. मासा बाहेर काढला की वाफ थांबते, कवचातल्या बारीक भोकांत पोकळी होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल ती ओढून घेते. बराचसा तेलकटपणा हा कढईबाहेरच्या पहिल्या मिनिटातला असतो. म्हणून जाळीचा झारा कढईवरच धरून दहा सेकंद नीट झटका, आणि मग उंच जाळीवर काढा. टिश्यूवर एकावर एक रचलं की खालच्या तुकडीची वाफ कागदात अडते आणि कोटिंग तिथेच भिजतं.

बाहेर काढायची खूण कानालाही कळते. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि चर्र आवाज, मग बुडबुडे बारीक होतात, आवाज पातळ होतो. त्या वळणावर काढा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत ठेवलं तर पाणी संपलेलं असतं, आणि बांगडा कोरडा.

घाटावरचा_खवय्या

तापमापींनी भट्टीचं सांगितलंय, मी मसाल्याचं सांगतो, कारण दुपारी दोनला लावलेला मसाला हे निम्मं दुखणं हाय.

मीठ माशातलं पाणी ओढून बाहेर काढतंय. चार-पाच तास ठेवलं की तुकडी पाण्यात बसल्यासारखी होते, आणि त्या ओल्या अंगावर रवा लावला की तेलात गेल्यावर खालून वाफ फुटते, कोटिंग उचलून धरते. सुटणारं कोटिंग म्हणताय ते हेच. चिंचेचा कोळही तेवढाच वेळ लागला तर वरचं मांस खडूसारखं भुसभुशीत होतंय.

किलोला १५ ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद, वीस मिनिटं. सुटलेलं पाणी ओतून टाका, स्वच्छ फडक्याने तुकड्या टिपून कोरड्या करा. मग कोळ आणि मसाला, आणखी पंधरा मिनिटं, बस्स. दोन-अडीच किलोचे भाग करून दर तासाला ताजा मसाला लावा. न लावलेला मासा बर्फात.

बर्फाचं हलक्यात घेऊ नका, बांगड्याला तर नाहीच. बांगडा उबेत राहिला की त्यात हिस्टामाईन तयार होतंय. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकं ठणकणं हे त्याचंच. आणि एकदा झालेलं हिस्टामाईन तळून जात नाही. घाटातून आलेली पेटी उघडली की बांगडा ताठ हाय का, पोट फुटलंय का बघा, आणि गाडीवरनं उतरल्या उतरल्या नवा बर्फ.

तिखटाचं. संकेश्वरीला झणका हाय, रंग कमी. एकटीच घातली तर रंगासाठी जास्त घालावी लागते आणि ती तेलात करपते, कडू होते. दोन भाग ब्याडगी, एक भाग संकेश्वरी धरा. आलं-लसूण ओबडधोबड वाटलेलं असेल तर त्याचे कण पिठाबाहेर डोकावतात आणि सगळ्यात आधी तेच काळे पडतात. अगदी गंधासारखं वाटा, नाहीतर फडक्यातून पिळून नुसता रस लावा. मसाला आत, पीठ बाहेर, आणि पिठात परत तिखट घालायची हौस करू नका.

पिठाबद्दल माझं मत: जागेवर खाणाऱ्याला रवा, पार्सलला तांदूळ. बारीक रव्याचा दाणा गरम असताना जो कुरकुरीतपणा देतो तो दुसऱ्या कशात नाही, खरं तो ओल लवकर धरतो. तांदळाच्या पिठाचं कवच पातळ आणि कडक होतंय, जास्त वेळ टिकतंय. जागेवरच्यासाठी दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी तांदळाचं पीठ. पार्सलसाठी सात भाग तांदूळ, दोन भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग रवा. बेसन नको, लवकर काळं होतं आणि गार झालं की नरम पडतंय. पीठ लावलं की तुकडी चाळणीवर झटका आणि पाच मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे पीठ ओल घेऊन चिकटतं. पाचाची पंधरा केली तर रवा भिजून लगदा होतो.

हिडकलकाठ

रोहू-कटल्याचं वेगळं सांगायला पाहिजे. घटप्रभेचा असो की मलप्रभेचा, धरणाचा मासा समुद्राच्या मापाने तळला तर फसतोच.

काट्यालगत लाल राहतं त्यातलं निम्मं कच्चेपण नसतंच, रक्त असतं. कण्याच्या खालून एक गडद रक्ताची नळी जाते. साफ करताना पातळ पडदा चिरून अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या टोकाने ती पूर्ण खरवडा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. ती राहिली तर आत ६५ अंश होऊनही गिऱ्हाईक तुकडी परत पाठवणार.

पोटाच्या आतला काळा पापुद्राही खरवडून काढा. मातकट वास येतो तो पाण्यातल्या शेवाळ-जंतूंनी केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. माशाच्या चरबीत, कातडीत आणि पोटाच्या पातळ भागात तो जास्त बसतो. मीठ आणि चिंचेचं पाणी किंवा आंबट ताक लावून दहा-पंधरा मिनिटं, मग धुऊन टिपणं. आंबट लागलं की वास बराच दबतो. पोटाकडचा पातळ भाग वेगळा काढून कालवणाला वापरलात तर फ्रायमधून वास जवळजवळ जातोच.

आणि काटे. रोहूच्या मांसात इंग्रजी वायच्या आकाराचे बारीक काटे असतात, म्हणून शहरातली गिऱ्हाइकं नाक मुरडतात. पाठीकडच्या मांसल भागाला कातडीच्या बाजूने धारदार सुरीने तीन-चार मिलिमीटर अंतरावर चिरा मारा, कातडीपासून हाडाच्या जवळपर्यंत, पण आरपार नाही. सुरी काट्यांना कापत जाते तेव्हा करकर आवाज येतो. तोच पाहिजे. या चिरांतून गरम तेल आत जातं आणि तुकडे झालेले काटे कुरकुरीत होतात, खाताना टोचत नाहीत. ताप आत लवकर पोचतो म्हणून वेळही मिनिटभर कमी लागतो. चिरांत पीठ मात्र भरू देऊ नका, नुसता मसाला. पीठ गेलं की चिरा बुजल्या आणि मेहनत वाया.

काउंटर_अनगोळ

कण्याखालच्या रक्ताचं लक्षातच आलं नव्हतं, आभारी आहे. तीन गोष्टी विचारतो. पामोलिन वापरू की सूर्यफूलच ठेवू? काहीजण शेंगतेल म्हणतात. दुसरं, आधी अर्धवट तळून ठेवून गिऱ्हाईक आलं की परत तळायचं, ते चालतंय का? आणि फ्रोझन बांगड्याचं पाणी फार सुटतं, त्याला काय करायचं?

तेलतपासणी

तेलावर मी लिहितो.

तळणीत तेलाला तीन मार बसतात. माशातलं पाणी तेलाचे रेणू तोडतं, त्यातून मोकळी आम्लं सुटतात आणि धूर लवकर यायला लागतो. हवा आणि ताप मिळून तेल खवट करतात. आणि सतत तापल्याने ते घट्ट, चिकट होत जातं, कढईच्या काठावर जी तपकिरी डिंकासारखी पुटं दिसतात ती हीच. सूर्यफुलात दुहेरी बंधांची मेदाम्लं सर्वांत जास्त असल्याने दुसरा आणि तिसरा मार त्याला लवकर लागतो. पामोलिन बरंच टिकतं. शेंगतेल या दोन्हींच्या मध्ये.

पण चव बघायची तर उलटं. तळणीचा जो खमंग वास आपण म्हणतो तो बराचसा सूर्यफूल-शेंगतेलातलं लिनोलेइक आम्ल तापून जे बनतं त्याचा असतो. पामोलिनमध्ये तळलेलं त्या मानाने सपक लागतं, आणि थंडीत गार झालेल्या माशावर तोंडात मेणचट थर बसतो. तुमच्या गिऱ्हाइकाच्या जिभेला शेंगतेलाची सवय आहे, म्हणून मी रिफाइंड शेंगतेल सुचवेन. परवडत नसेल तर निम्मं पामोलिन, निम्मं शेंगतेल. घाण्याचं, न शुद्ध केलेलं शेंगतेल डीप फ्रायला नको, ते १६० च्या पुढे धुरायला लागतं. रिफाइंड २२० च्या पुढेपर्यंत तग धरतं.

कडवटपणाचा खरा गुन्हेगार मात्र तेलाची जात नव्हे, तळाशी पडलेला रवा. गळलेला प्रत्येक दाणा तळाला जाऊन बसतो, तिथे ताप सर्वांत जास्त, तो कोळसा होतो आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके होऊन चिकटतो. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीने तळ साफ करा. दर घाण्यानंतर म्हणतोय, तासाने नाही. शक्य असेल तर ज्वाला कढईच्या कडेने लागेल असा बर्नर घ्या, म्हणजे तळ जरा थंड राहतो आणि पडलेलं लगेच करपत नाही. कढईवर मीठ भुरभुरू नका. पितळी किंवा तांब्याचा झारा वापरू नका, तांबं तेल खवट होण्याचा वेग वाढवतं. घाण्यांच्या मध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त खंड असेल तर आंच कमी करून तेल १२० वर आणा. रिकामं तेल १८० ला तापत ठेवणं हे मासे तळण्याइतकंच त्याला झिजवतं.

रात्री तेल ६०-७० पर्यंत निवलं की मलमलच्या दुपदरी कापडातून गाळा, झाकणाच्या स्टील डब्यात अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात निम्म्याहून जास्त नवं तेल पडत असेल तरच वापरा. अगदी कोऱ्या तेलात पहिला घाणा फिका आणि जरा कच्चट दिसतो, त्यात बिघाड काही नाही. तेल थोडं वापरलं गेलं की ते ओल्या पिठाला जास्त चांगलं भिडतं आणि रंग चढतो. त्यासाठी जुनं तेल साठवायची गरज नाही, पहिल्या घाण्याला अर्धं मिनिट जास्त द्या.

टाकायचं कधी? एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तळून-तळून तेलात तयार होणाऱ्या बिघडलेल्या द्रव्यांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यापुढचं तेल वापरायचं नाही. मोजायला हातातलं मीटर मिळतं, स्वस्तात कागदी पट्ट्याही. तेही नसेल तर: घाणा काढल्यावरही बारीक पिवळट फेस अर्धं मिनिट तसाच राहतो, १८० च्या आतच धूर दिसतो, झाऱ्यावरून थेंब पडण्याऐवजी तार सुटते. यातलं एक जरी दिसलं तर संपलं. नुसत्या काळेपणावर जाऊ नका, तिखट-हळदीने चांगलं तेलही गडद होतं.

आता बांगडा. हा स्वतः चरबीचा मासा, तळताना त्याची चरबी तेलात उतरते. ती अतिशय नाजूक, तापून लगेच बिघडते आणि तेलाला रंगाच्या डब्यासारखा उग्र वास देते. मग त्याच तेलातली सुरमईही तशीच लागते. म्हणून बांगड्याला वेगळी कढई. एकच असेल तर आधी सुरमई-रोहू, बांगडा शेवटी, आणि ते तेल दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

दोनदा तळणं जाड रोहूला चांगलं. पहिल्यांदा १६० ला पाच-सहा मिनिटं, मधोमध ६३ येईपर्यंत पूर्ण शिजवायचा, नुसता अर्धवट नाही. जाळीवर ठेवा. गिऱ्हाईक आलं की १८५-१९० ला ४५ ते ६० सेकंद. पहिल्या वेळी शिजतो, गार होताना आतली ओल कवचाकडे सरकते, दुसऱ्या वेळी ती उडून कवच कडक होतं. पण पहिल्या तळणीनंतर मासा बाहेर दोन तासांच्या वर नको. त्यापुढे ठेवायचा असेल तर लगेच गार करून ५ अंशांखाली फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या तळणीला आतला ताप पुन्हा तपासायचा. सुरमईच्या पातळ तुकडीला आणि बांगड्याला दोनदा तळू नका, भुसा होतो.

फ्रोझन बांगडा काउंटरवर उन्हात किंवा कोमट पाण्यात सोडवायचा नाही. रात्रभर फ्रिजमध्ये, खाली जाळी ठेवून, म्हणजे सुटलेल्या पाण्यात तो लोळत राहणार नाही. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात. मग लिटरभर गार पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून वीस मिनिटं बुडवा, काढून टिपून घ्या. गोठताना पाणी धरायची ताकद कमी झालेली असते, हे खारं पाणी थोडीफार परत देतं. मसाल्यात मग मीठ घालू नका.

निपाणीकर_तवा

एक विरुद्ध मत. बांगडा कढईत टाकायचाच कशाला? जाड लोखंडी तवा, तीन-चार मिलिमीटर तेल, मध्यम आंच, नुसता बारीक रवा. एका अंगाला चार मिनिटं हात न लावता. कवच धरलं की मासा आपोआप सुटतो, तोवर उलथनं घातलं की कातडी तव्याला राहिली म्हणून समजा. दुसऱ्या अंगाला तीन. त्याचीच चरबी त्याच्याच कातडीत उतरते, तेल कढईच्या मानाने थोडंच लागतं आणि दर चार-सहा माशांनी पुसून नवं घेता येतं, म्हणजे वर तेलतपासणींनी सांगितलेला उग्र वासाचा प्रश्नच येत नाही.

तापमापी

निपाणीकरांचं बांगड्यापुरतं मान्य. गर्दीच्या वेळी तव्यावर एका वेळी चार-पाचच बसतात एवढीच अडचण, आणि तव्याच्या मधला व कडेचा ताप वेगळा असल्याने जागा बदलत राहावं लागतं. पार्सलला मात्र तव्याचा बांगडा कढईच्यापेक्षा लवकर मऊ पडतो, कारण कडांना पोटाजवळ कवच पूर्ण होत नाही.

डबा_पिशवी

पार्सलचं कुणी पूर्ण सांगितलं नाही. फॉइलचा डबा बंद केला की दोन मिनिटांत झाकणाखाली थेंब दिसतात. ते थेंब म्हणजे माशातली वाफ, आणि ती परत कोटिंगवरच पडते. वरचं सगळं काटेकोर केलं तरी या डब्यात ते दहा मिनिटांत वाया जाणार.

तळल्यावर तीन-चार मिनिटं जाळीवर उघडा. पहिली जोराची वाफ बाहेरच गेली पाहिजे. मग पुठ्ठ्याचा डबा, झाकणाला आणि वरच्या कडांना पेन्सिल जाईल एवढी सहा-आठ भोकं. तळाला बटर पेपर चुरगळून, म्हणजे तुकडी उंचावर राहते आणि खालून हवा जाते. तुकड्या एकाच थरात, एकमेकींना न टेकवता. कांदा, लिंबू, कोथिंबीर, चटणी वेगळ्या पुडीत. चिरलेला कांदा डब्यात ठेवणं म्हणजे कोटिंगवर पाणी शिंपडणं. भाकरी असेल तर तीही वेगळी बांधा, गरम भाकरीची वाफ कमी नसते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छापील शाई तेलात उतरते आणि त्याला मनाईही आहे.

खानापूर पट्ट्यात जुलैचा पाऊस लागला की हवाच ओली, तेव्हा एवढं करूनही वीस मिनिटांच्या पुढे तोच कुरकुरीतपणा मिळणार नाही. त्या दिवसांत तांदूळ-कॉर्नफ्लोअरचंच पीठ ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा: तवा कोरडा तापवून मंद आंचेवर एका बाजूला दीड मिनिट, मायक्रोवेव्ह नको. मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवून कवचाकडे ढकलतो, मासा चामड्यासारखा होतो. काउंटरवर तयार माल धरून ठेवायचा असेल तर ६५ अंशांच्या वर, उघड्या जाळीवर, वरून दिवा. झाकण घातलेला गरम डबा नको. आणि अर्ध्या तासाच्या वर नको, सुरक्षित असला तरी खायला मजा राहत नाही.

काउंटर_अनगोळ

या आठवड्यात दुसरी कढई आणि सुईचा थर्मामीटर घेतो, मसाला तासातासाने लावतो. शेवटचं एक: संपलेलं तेल कुणाला द्यायचं? एकजण दर आठवड्याला डबा न्यायला तयार आहे, पैसेही देतो म्हणतो, खरं ते कुठं जातंय ते सांगत नाही.

तेलतपासणी

कुठे जातं ते सांगत नसेल तर त्याला देऊ नका, गाळून परत खाद्यतेल म्हणून विकलं जाण्याची शक्यता असते. एफएसएसएआयची रुको नावाची योजना आहे, तीत नोंदलेले गोळा करणारे वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी नेतात. नोंदणीचा कागद बघा, दर खेपेला पावती घ्या. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना नोंदवही सक्तीची आहे. तुम्ही त्यात बसत नाही, तरी तारीख, किती तेल टाकलं आणि किती काढलं एवढं लिहीत चला. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘वापरलेले तेल’ लिहा, आणि डबा मालाच्या कपाटात ठेवू नका, पोरं घाईत तोच ओततात.